सहा फूट चार इंचांची बेडरूम

गादी घेणं हे आजकाल मोबाइल घेण्यासारखं झालंय. स्पेसिफिकेशन्स वाचा, रिव्ह्यू बघा, ईएमआय टाका. मेमरी फोम, लेटेक्स, पॉकेट स्प्रिंग... दारात एक खोकं येतं, आत हवा काढून गुंडाळलेली गादी असते, प्लास्टिक कापलं की ती फुस्सकन श्वास घेते आणि तुमच्या वन-बीएचकेमधली अर्धी बेडरूम व्यापून टाकते. वर शंभर रात्रींची ट्रायल! मापाचं तर टेन्शनच नाही. तुमचा बेड आणि त्यांची गादी, दोन्ही एकाच तक्त्यातून आलेले असतात. ७२ बाय ३६, ७५ बाय ४८, ७८ बाय ७२. बटण दाबा आणि झोपा.

आता एक प्रश्न. तुमची बेडरूम ७६ इंच लांब असेल, उशाला २५ इंच आणि पायाला २३ इंच रुंद असेल, मागची भिंत तिरकी, दोन कोपरे गोल, गादीखाली पान्हे-जॅकची पेटी, आणि ही अख्खी बेडरूम आज कागलला तर उद्या होसूरला असेल, तर? कुठल्या साइटवर ऑर्डर करणार, बॉस?

हे माप माझ्या मामेभावाच्या ट्रकमधल्या बर्थचं आहे. ड्रायव्हरच्या सीटमागची ती अरुंद फळी. तिच्यावर तो महिन्यातल्या वीस-बावीस रात्री काढतो. आणि गेल्या महिन्यात त्या फळीसाठी नवी गादी बसवण्याचं काम, का कोण जाणे, माझ्या गळ्यात पडलं.

म्हणजे 'का' ते माहीत आहे. वहिनीचा फोन आला होता. "ताई, तुम्ही पेपरात गाद्यांवर लिहिताय म्हणं? मग ह्यांच्या गाडीतली एक बघा की." मी हसले. ती हसली नाही. मग तिनं सांगितलं. तवंदीचा घाट उतरल्यावर, निपाणीच्या अलीकडे, पहाटे दादाचा डोळा लागला होता. दोन सेकंद, फार तर तीन. डावीकडचं चाक रस्ता सोडून खडीवर गेलं, त्या खडखडाटानं जाग आली. मागं ओतीव लोखंडाच्या जॉबचा लोड. दादानं हा किस्सा आठवड्यानं घरात सांगितला, तोही जेवताना, विनोद म्हणून. वहिनीनं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, एक तर झोपायचं बघा, नाही तर गाडी विका.

गाडी विकणं शक्य नाही. हप्ते चालू आहेत. मग उरली झोप.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: कोल्हापूरहून हायवेनं बेंगळुरूच्या दिशेला निघालात की कागलला लक्ष्मी टेकडी लागते. तिथून आत गेलं की कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. 'पंचतारांकित' शब्दामुळं नव्या माणसाला वाटतं, लॉबीत वेलकम ड्रिंक मिळणार. मिळतो तो टपरीवरचा कटिंग! आत फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, सूत आणि कापडाचे कारखाने आहेत. गंमत म्हणजे इंडो काउंटचा बेडशीटचा कारखानाही इथंच आहे. जगातल्या मोठ्या बेडशीट उत्पादकांमध्ये या कंपनीचं नाव घेतात आणि इथल्या चादरी पार अमेरिकेतल्या घरांपर्यंत जातात. म्हणजे कुणाची तरी 'लक्झरी स्लीप' कागलमध्ये विणली जाते, शिवली जाते, पॅक होते. आणि त्याच वसाहतीतल्या रस्त्यांच्या कडेला, लोडिंगचा नंबर लागेपर्यंत, ट्रकांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक केबिनमध्ये एक माणूस झोपायचा प्रयत्न करत असतो.

नंबर कधी लागेल हे कुणालाच माहीत नसतं. कधी चार तास, कधी दीड दिवस. लॉजवर का जात नाही, असं मी दादाला विचारलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जणू मी सांगत होते की गाडीची चावी रस्त्यावर ठेव. डिझेल जातं, स्टेपनी जाते, ताडपत्री जाते. आणि नंबर पुकारला तेव्हा ड्रायव्हर जाग्यावर नसला तर नंबर मागं. त्यामुळं झोपायचं ते गाडीतच.

तर मी एका रविवारी केबिनमध्ये चढले. (चढणं हा शब्द शब्दशः घ्या. तीन पायऱ्या आणि एक दांडा. ऑफिसच्या जिन्यानं दमणाऱ्यांनी ट्राय करू नये.) समोर अंबाबाईचा आणि जोतिबाचा फोटो, पाण्याचा कॅन, चार्जरच्या वायरींचा गुंता, मागं बर्थ. बर्थवर गाडीसोबत आलेली फोमची गादी. एकेकाळी ती तीन इंच असेल. आता कमरेच्या जागी अर्धा इंच. तिच्यावर जुनं ब्लँकेट आणि त्यावर वहिनीनं शिवलेली वाकळ. खड्डा भरून काढायला खड्ड्यात दुमडून ठेवलेला टॉवेल. मी पाठ टेकून बघितली. पाच मिनिटांत टॉवेलची घडी कुठून सुरू होते आणि कुठं संपते ते माझ्या मणक्यांना पाठ झालं.

फोमचा पापड का होतो, यामागं साधं विज्ञान आहे. पॉलीयुरेथेन हा शोध जर्मनीतला, १९३७ चा, ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. गादीत असतो तो त्याचा फुगवलेला अवतार. लाखो बारीक पोकळ घरं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, मध्ये पातळ काड्यांचा सांगाडा. आपण झोपलो की सांगाडा वाकतो, उठलो की सरळ होतो. रोज एकाच जागी तेच वजन, खालून इंजिनची धग, दिवसभर गचके आणि वरून घाम असं चाललं की काड्या हळूहळू मोडतात आणि वाकलेला फोम परत उठत नाही. बंगल्यातली गादी दहा वर्षं टिकेल, तीच गादी ट्रकमध्ये तीन वर्षांत म्हातारी होईल.

आता दुकानात जा आणि विचारा, "चांगला फोम कुठला?" उत्तर येईल, "हार्ड घ्या, हार्ड टिकतो." इथं सगळे गंडतात. डेन्सिटी वेगळी आणि कडकपणा वेगळा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ३२ डेन्सिटी म्हणजे ३२ किलो, ४० म्हणजे ४० किलो. जितकं वजन जास्त, तितका सांगाड्यात माल जास्त, तितका तो टिकाऊ. कडकपणा रसायनांच्या प्रमाणावर ठरतो. कमी डेन्सिटीचा फोमही कडक बनवता येतो. दुकानात तो हाताला एकदम टणक लागतो, आणि सहा महिन्यांत बसतो. आणखी एक प्रकार असतो, रीबॉन्डेड. फोमचे तुकडे दाबून, चिकटवून बनवलेली रंगीबेरंगी लादी. दिसायला भेळ! पण जड, घट्ट आणि खालच्या थरासाठी बेस्ट.

माल कळला. प्रश्न होता आकाराचा. असल्या वेड्यावाकड्या जागेत गादी कशी बसवतात याचा शोध घेत गेले, तर मला ट्रकवाल्यांपेक्षा आधी सापडले बोटवाले. शिडाच्या बोटीतल्या झोपायच्या फळीला 'बंक' म्हणतात, आणि बंकच्या सगळ्या कटकटी दादाच्या बर्थसारख्याच. बोटीचं अंग बाहेरच्या बाजूला कललेलं, म्हणून गादीची कड तिरकी कापावी लागते. पुढच्या टोकाला जागा निमुळती. फळीखाली सामानाचा कप्पा, म्हणून गादी तुकड्यांत हवी, म्हणजे एक उचलला की कप्पा उघडतो. खालून हवा खेळली नाही तर अंगाची वाफ गार फळीवर पाणी होऊन साचते आणि फोमला बुरशी धरते. वरून सगळं सतत हलत असतं. काय वेगळं आहे सांगा?

तुम्ही म्हणाल, कुठं कागल, कुठं समुद्र. आमच्याकडं बोट म्हणजे रंकाळ्यातली, तासाच्या भाड्याची. मान्य. पण या विषयात आपण अगदीच परके नाही. जगाला एकट्यानं, न थांबता पहिली शिडाची फेरी मारली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. त्यांची 'सुहेली' बांधली गेली होती मुंबईत, कुलाब्याला, सागवानात! भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगाला फेरी मारून आले ती 'म्हादेई' बांधली गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. तिच्यावरूनच अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता फिरून आले.

याच टॉमींची पुढची गोष्ट मला दादाला सांगावीशी वाटली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते 'सुहेली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन उतरले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळानं बोट उलथीपालथी केली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. चालता येईना. 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज येऊन पोचेपर्यंत सुमारे तीन दिवस ते बोटीत बंकवर पडून होते. एकटे, भर समुद्रात, पाठीचं हाड मोडलेलं. पुढं ते बरे झाले आणि २०२३ मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले, हे तुम्हाला माहीत असेल. माझं डोकं मात्र त्या तीन दिवसांत अडकलं. आजूबाजूला हजारो मैल पाणी, आणि तुमच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे ती एक फळी.

दादानं सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "म्हंजे ह्याला पण नंबर लागायची वाट बघावी लागली." आमचा दादा!

असो. कामाला लागलो.

पहिली गोष्ट टेम्प्लेट. मापं टेपनं घेऊन कागदावर लिहिली तर गोल कोपरे हमखास चुकतात. म्हणून खाकी कागदाचे मोठे तुकडे चिकटवून एक चादर केली, ती बर्थवर पसरली, कडेला बोटानं दाबत नेली, घडी पडली तिथं पेन फिरवला. कोपऱ्यात कागद चुरगळतो, तिथं छोटी चीर दिली. कापून परत ठेवला, दोन ठिकाणी फट दिसली, तिथं पट्टी चिकटवली. एक तास गेला. दादा बाहेर टायर ठोकून बघत होता आणि अधूनमधून "ड्रेस शिवतीस का गादी?" असं विचारत होता. पण अशा कामात कागदावर घालवलेला तासच पुढं फोम वाचवतो. आणि एक महत्त्वाचं: कागदावर मोठ्या अक्षरात 'वर' असं लिहायचं. कारण कागद उलटा पडला तर गादी आरशातली निघते, निमुळती बाजू उशाला येते, आणि फोम काही कपडा नाही की उलटा करून घातला. कड तिरकी असते ना!

ती तिरकी कड मोजायला दोन टेम्प्लेट लागतात, एक फळीच्या पातळीवर आणि एक चार इंच वर. आमच्या केबिनमध्ये मागची भिंत वर जाताना मागं कलते. त्यामुळं खालचा थर वरच्यापेक्षा इंचभर अरुंद.

मग गाठलं सीटवाल्याला. तावडे हॉटेलच्या चौकातून गांधीनगरकडे जाताना एक छोटं दुकान आहे. बाहेर फाटक्या सीटांचा ढीग, आत शिलाई मशीन आणि छताला टांगलेल्या फोमच्या शीट. चालवणारे चाचा सत्तरीचे. त्यांचे आजोबा पिंजारी होते, गावोगाव फिरून कापूस पिंजायचे. त्या पिंजणाऱ्या धनुष्याचा टंग टंग आवाज लहानपणी ऐकलाय म्हणाले. वडिलांनी काथ्या भरला, चाचा फोम कापतात. एका घरात तीन पिढ्या, तीन गाद्या!

"बोटीची गादी न्हाई केली कधी," चाचा टेम्प्लेट न्याहाळत म्हणाले. "पण यष्टीची सीट केलीया, शाळंच्या रिक्षाची केलीया, दातवाल्या डॉक्टरची खुर्ची केलीया. हे व्हतंय."

फोम निवडताना मी माझा फंडा काढला. फोमवर छापलेला आकडा वाचायचा नाही, फोम काट्यावर घालायचा. सहा फूट बाय तीन फूट, दोन इंच जाडीची शीट ४० डेन्सिटीची असेल तर तिचं वजन साधारण ३.४ किलो भरायला हवं. ३२ ची असेल तर २.७ च्या आसपास. हिशेब सोपा आहे: लांबी, रुंदी, जाडी मीटरमध्ये घ्या, गुणा, डेन्सिटीनं गुणा. आदल्या दिवशी एका दुकानात '४० डेन्सिटी' म्हणून दाखवलेली शीट मी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितली होती. पावणेतीन किलो! दुकानदार म्हणाला, "मॅडम, फोम कोण वजनावर घेतं का?" चाचांना हे सांगितल्यावर ते इतके हसले की खोकला लागला. मग स्वतःच आतून एक शीट काढली, स्वतःच काट्यावर ठेवली. तीन किलो चारशे. नजर अशी की, घे बघ.

आता कोडं. बर्थ ७६ इंच लांब, शीट ७२ इंच. शिवाय रीबॉन्डेडची लादी दुमडत नाही, त्यामुळं अख्खी गादी केबिनच्या दारातून आत जाणारच नाही. म्हणजे दोन तुकडे करावेच लागणार. मधोमध कापलं तर जोड बरोबर कमरेखाली येतो आणि आपण टॉवेलच्या घडीवरून जोडाच्या फटीवर. चाचांनी दादाला दुकानातच जमिनीवर झोपवलं आणि खडूनं खांदा, कंबर, गुडघा अशा खुणा केल्या. (रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी थांबून चौकशी केली, "काय झालं?") जोड गुडघ्याच्या जरा खाली, ४८ इंचांवर. उरले २८ इंच. शीटचा ४८ चा तुकडा काढल्यावर मागं २४ बाय ३६ चा उरतो. तो आडवा फिरवला की २८ बाय २४ निघतो. पायाकडं बर्थ निमुळता होत २३ वर येतो, म्हणजे २४ पुरतो! एका शीटमध्ये अख्खा थर. चाचांनी हे मनातल्या मनात जुळवलं, मी कागदावर आकृती काढून त्यांच्यानंतर दोन मिनिटांनी.

खाली दोन इंच रीबॉन्डेड, वर दोन इंच ४० चा फोम. चार इंचच का? कारण त्याहून जाड केलं तर दादा उठून बसला की डोकं छताला लागतं, आणि गादी बर्थच्या पुढच्या कडेच्या फारच वर जाते. मग झोपेत कूस बदलली की सरळ गिअरच्या दांड्यावर. बोटीत यासाठी बंकच्या कडेला कापडाचा पडदा ताणून बांधतात. आम्ही कड इंचभर खाली राहील एवढ्यावर थांबलो.

सोल्युशन दोन्ही थरांना लावायचं, लगेच चिकटवायचं नाही, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. आणि सगळीकडे फासायचं नाही. वाळलेलं सोल्युशन कडक पापुद्रा होतं आणि फोमची हवा अडवतं. कडेनं आणि मध्ये दोन पट्टे, बास.

कव्हरवरून मात्र जुंपली. दादाला रेक्झिन हवं होतं. पुसलं की साफ. मी म्हटलं, रेक्झिनवर मे महिन्यात झोपून दाखव. चाचा म्हणाले, भांडू नका. वरून गांधीनगरातलं जाड सुती कापड, पुढच्या कडेला जिथं बूट लागतात तिथं रेक्झिनची पट्टी, आणि खालून पिशव्यांना वापरतात तसलं जाळीचं कापड, हवा खेळायला. कव्हर फोमपेक्षा अर्धा इंच लहान शिवायचं, म्हणजे ते ताणून बसतं आणि चुण्या पडत नाहीत. चेन तीन बाजूंनी, म्हणजे वहिनीला धुवायला काढता येतं. आणि कव्हरचे दोन जोड. दुसरा जोड वहिनीनं फोनवरून सांगितला, आणि त्यावर कुणीच वाद घातला नाही.

शेवटचं काम केबिनमध्ये. बर्थच्या प्लायला ड्रिलनं इंच-इंचाची भोकं पाडली, चाळीसेक. त्यावर काथ्याची पातळ चटई. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, जुलैत इथं चपलांनाही बुरशी येते. मग मोठा तुकडा आत, तिरकी कड भिंतीला. मग छोटा तुकडा, जरा दाबून, मुठीनं ठोकत. बसला! कोपऱ्यात करंगळी जाईल एवढीही फट नाही. छोटा तुकडा उचलला की खाली जॅक-पान्ह्यांची पेटी उघडते. दादानं चार वेळा उचलून-ठेवून बघितला, नव्या मोबाइलचं कव्हर उघड-बंद करतात तसा.

खर्च? फोम, कापड, शिलाई, चटई धरून साडेतीन हजार आणि वर थोडे. ट्रकचा एक नवा टायर वीस हजारांच्या पुढं जातो, आणि दादा टायरच्या नक्षीची खोली दर महिन्याला मोजतो. गादीवर त्यानं सात वर्षांत एक रुपया घातला नव्हता.

त्याला एकट्याला कशाला बोलायचं म्हणा. आपल्याकडं या फळीकडं कुणीच फारसं बघितलेलं नाही. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२० मध्ये ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात जवळपास निम्म्या चालकांनी सांगितलं होतं की थकवा आला, झोप आली, तरी आम्ही गाडी चालवतो. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये नियम काढला आणि २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण दादाची गाडी जुनी, तिला खिडकी हाच एसी. युरोपात तर २०२० पासून ड्रायव्हरनं आठवड्याची ४५ तासांची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायचीच नाही, मालकानं खोलीची सोय करायची, असा कायदाच आहे. हे मी दादाला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मग गाडीजवळ कोण झोपतं?"

अमेरिकेचा नियम त्याला जास्त आवडला. तिथं स्लीपर बर्थची मापंच कायद्यात लिहिलीत. लांबी किमान ७५ इंच, रुंदी किमान २४ आणि गादी फोमची असेल तर किमान चार इंच जाड. १९७५ च्या ऑक्टोबरपासून बसवलेल्या बर्थना ही लांबी-रुंदी लागू आहे. आम्ही टेप काढला. लांबी ७६, पास. उशाकडं रुंदी २५, पास. पायाकडं २३, इंचानं नापास. जाडी बरोब्बर चार! दादा म्हणाला, "पायाकडं कोण बघतंय?" आणि स्वतःच्या गाडीला अमेरिकेचं सर्टिफिकेट देऊन मोकळा झाला.

पहिल्या खेपेत होसूरहून फोन आला. गादी फार कडक आहे, पाठ अवघडली. दुसऱ्या रात्री तीच तक्रार, जरा कमी आवाजात. सात वर्षं खड्ड्यात झोपलेल्या पाठीला सपाट जागेची सवय नव्हती, आणि नवा फोमही पहिले काही दिवस ताठ असतो. पाचव्या रात्री फोन आला नाही. मग मीच केला. बंद होता. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "झोपल्यात. नंबर लागायला अजून सहा तास हाईत म्हणाले. मीच सांगितलं फोन बंद करा म्हणून." नंबरचा पुकारा झाला तर पुढच्या गाडीवाला दार वाजवणार, असं ठरलं होतं म्हणे.

त्या पुढच्या गाडीवाल्यानं दार वाजवलं, आत वाकून बघितलं, गादीवर हात दाबला आणि पत्ता मागितला. आता चाचांच्या दुकानात खिळ्याला खाकी कागदाची सहा टेम्प्लेट टांगलेली आहेत, प्रत्येकावर गाडीचा नंबर आणि 'वर'. त्यातली दोन एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलची आहेत, तरी पाऊण इंचाचा फरक, कारण एका गाडीची केबिन मध्यंतरी ठोकून सरळ केलेली. परवा चाचांचा मला फोन होता. उन्हात केबिन तापली की त्यांचं सोल्युशन कडेनं सुटतंय. ते गोव्याचे बोटवाले कुठलं वापरतात, तेवढं विचारून सांगा म्हणाले.